फाईल छोटी करा, पण लॅपटॉप बघून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या जुन्या फिल्मा लॅपटॉपवर उतरवून ठेवण्याविषयी मजकूर आला होता. लग्न, मुंज, बारसं, सगळं उतरवून घ्या आणि जागा वाचवायला नव्यातल्या नव्या फॉरमॅटमध्ये करा, फाईल निम्मी होते, असा सल्ला त्यात होता. उतरवून घ्या हे शंभर टक्के बरोबर. पुढचं मात्र पटलं नाही. कारण असा सल्ला वाचून कुणीतरी घरी उद्योग करतं आणि मग आमच्या काउंटरवर येऊन उभं राहतं. "अक्का, आवाज येतोय, पण चित्रच दिसंना." "अक्का, दोन मिनिटं चालतंय, मग अटकतंय की."

आमचं दुकान पूर्व भागात, कन्ना चौकाजवळ. मालक शूटिंगला जातात, मी मिक्सिंगला, म्हणजे फिल्म कापायला-जोडायला, बसते. बदामाच्या आकारात नवरा-नवरीचे चेहरे फिरवायची फॅशन होती, त्या व्हीएचएस कॅसेटच्या काळापासून बसते. गिऱ्हाईक म्हणाल तर यंत्रमागवाले, टॉवेल कारखान्यातले जॉबर, विड्या वळून पोरींची लग्नं केलेल्या बाया आणि आता त्यांची इंजिनिअर झालेली नातवंडं. लग्न सोलापुरात लागतं, पण अर्धे पाहुणे भिवंडीत आणि अर्धे तेलंगणात. म्हणजे फिल्म इथल्या कपाटात ठेवून भागत नाही, ती लांब जाते आणि कुठल्या मशीनवर उघडेल याचा नेम नसतो.

असंच एक घर सांगते. थोरल्या मुलीचं लग्न व्हीएचएसवर झालं, पुढे त्याची व्हीसीडी करून घेतली. धाकटीची डीव्हीडी. मुलाच्या वेळी पेनड्राइव्ह. गेल्या हंगामात नातीचं लग्न झालं ते फोर-के कॅमेऱ्यावर. आता सगळं एका लॅपटॉपवर पाहिजे, कारण आजीला दुपारी बसून बघायचंय. ऐकायला सोपं वाटतं. पण व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट माहिती (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). एका तबकडीवर सव्वा तासाच्या आसपास मावायचं, म्हणून एका लग्नाच्या तीन-तीन तबकड्या आणि नेमकी मधली ओरखडलेली. डीव्हीडी ७२० बाय ५७६, साधी तबकडी ४.७ जीबीची. आणि नातीच्या लग्नाचं फोर-के सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलेलं, म्हणजे तासाला ४५ जीबी. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन सगळं धरलं तर त्या लॅपटॉपची अख्खी डिस्क भरून वर उतू जाईल.

आणि लॅपटॉप कुठला? तर मुलाने पुण्यात नोकरी लागल्यावर घेतलेला. त्याने नवा घेतला तसा जुना घरी आला. आमच्याकडच्या बहुतेक घरांत हीच गोष्ट. नाहीतर कंपन्यांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप घेतलेले असतात, ते मजबूत असतात, पण प्रोसेसर चौथ्या-पाचव्या पिढीचा. पडदा १३६६ बाय ७६८. सल्ला देणाऱ्याने आधी हा लॅपटॉप बघायला हवा होता, असं माझं म्हणणं आहे. फाईल किती छोटी होते हा नंतरचा प्रश्न. ती कुठे चालणार हा पहिला.

त्याचं कारण असं. व्हिडिओ उघडून दाखवायचं काम लॅपटॉपमध्ये दोन पद्धतीने होतं. चित्राच्या चिपमध्ये त्या फॉरमॅटसाठी खास सोय असेल तर काम आरामात होतं, बॅटरी टिकते, पंखा गप्प राहतो. सोय नसेल तर तेच काम मुख्य प्रोसेसर घाम गाळून करतो. एच २६४ हा फॉरमॅट २००३ सालचा. त्याची सोय गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये, मोबाईलमध्ये आणि टीव्हीमध्ये आहे. एच २६५, ज्याला एचईव्हीसीही म्हणतात, तो २०१३ चा. इंटेलमध्ये त्याची पुरती सोय आली ती २०१५ च्या सहाव्या पिढीपासून, आणि त्यातल्या १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा ठेवणाऱ्या, प्रकारासाठी सातवी पिढी लागते. एव्ही१ तर २०१८ चा, त्याला इंटेलची अकरावी पिढी पाहिजे, म्हणजे २०२० नंतरचं मशीन. आजीच्या लॅपटॉपवर एव्ही१ ची फाईल टाकली तर काय होईल? एप्रिलच्या दुपारी, बाहेर ४२-४३ अंश असताना, पंखा गिरणीसारखा ओरडेल आणि चित्र एक-एक फ्रेम पुढे सरकेल.

वर विंडोजचं आपलं वेगळं. विंडोज १० आणि ११ मध्ये एचईव्हीसीसाठी जोड-सॉफ्टवेअर लागतं, आणि ते नवीन लॅपटॉपसोबत आलेलं नसेल तर स्टोअरमध्ये त्याचे पैसे पडतात. 'आवाज येतो, चित्र येत नाही' यामागे बहुतेक वेळा हेच असतं. हल्ली लोक मोबाईलवर घेतलेल्या फिल्मा आणतात, त्यांतही हा घोळ असतो. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत रेकॉर्ड करतो. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स म्हणून जागा आहे, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की नेहमीचं शूटिंग एच २६४ मध्ये होतं. घरात लग्नकार्य असेल तर आदल्या दिवशीच हे करून ठेवावं. व्हीएलसी प्लेअर टाकला तर तो स्वतःची सामग्री घेऊन येतो, जोड-सॉफ्टवेअरवाचून चित्र दाखवतो. पण मशीनला ताकद कुठून आणणार? तेवढं व्हीएलसीच्याही हातात नाही. तरी प्रत्येक लॅपटॉपवर तो असावाच. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला, आजही फुकट आणि बिनजाहिरातीचा. नारिंगी शंकूचं चित्र बघून टाका.

एमपी४ आणि एमकेव्ही यांच्याबद्दल लोकांचा फार गोंधळ आहे, तो दोन ओळींत. हे डबे आहेत. डब्यावर 'शेंगाचटणी' लिहिलंय म्हणून आत चटणीच निघेल याची खात्री नाही. एमपी४ च्या आत एच २६४ असू शकतो, एच २६५ असू शकतो, एव्ही१ सुद्धा. म्हणून 'एमपी४ तर केलंय, तरी चालत नाही' अशी तक्रार येते. आणि नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ केल्याने आतला माल बदलत नाही, हे आमच्या गल्लीतल्या हुशार पोरांना अजून पटायचंय. घरच्या लॅपटॉपसाठी माझं उत्तर एकच: आत एच २६४, आवाज एएसी, बाहेर एमपी४. जुन्या विंडोज ७ चा प्लेअरसुद्धा हे उघडतो, एमकेव्हीला तो तोंड फिरवतो. एमकेव्ही वाईट नाही, अनेक भाषांचे आवाज आणि उपशीर्षकं ठेवायला उत्तम आहे. पण लग्नाच्या फिल्मला उपशीर्षकं कोण लावतं?

आता साइज. गिऱ्हाईक विचारतं, "किती जीबीत बसेल?" याचं गणित तोंडी आहे. सेकंदाला १ मेगाबिट असेल तर तासाला ४५० एमबी. २ मेगाबिट असेल तर ९००. तासाने गुणा, झालं. चित्राचे ठिपके किती, याचा साइजशी थेट संबंध नाही, सेकंदाला किती मेगाबिट खर्च केले याच्याशी आहे. आवाजाचं सांगायचं तर १६० किलोबिटला तासाला ७२ एमबी, म्हणजे फारसं काही नाही. तिथे काटकसर करायला जाऊ नये. सनई आणि मंगलाष्टकं चिरकी ऐकू आली की फिल्म किती का सुंदर असेना, सासरची मंडळी नाव ठेवतात.

पण मेगाबिट किती लागतील हे आधी सांगता येत नाही, आणि इथेच माझ्या धंद्यातला सगळ्यात मजेचा भाग आहे. कॉम्प्रेस करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण घेतं आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं, काय कुठून कुठे सरकलं एवढंच टिपतं. भटजी होमासमोर बसलेत, मागे मखर आहे, कॅमेरा तिकाटण्यावर. फार बदलत नाही, म्हणून एवढ्याशा जागेत छान चित्र मिळतं. खुर्च्यांवर बसलेले पाहुणे तर फुकटच जमा. वरात आली की खर्च वाढतो, बॅंजो, डीजेचे दिवे, धूर, नाचणारे हात. आणि 'सावधान' झालं की आकाश कोसळतं. हजार दाणे हवेत, प्रत्येक दाणा वेगळ्या वाटेने खाली येतो, वर फोटोवाल्यांचे फ्लॅश. फ्लॅशमुळे अख्खी फ्रेम एकदम पांढरी होते आणि पुढच्या क्षणी पुन्हा पूर्वीसारखी, म्हणजे मागच्या फ्रेमवरून घेण्यासारखं काही उरत नाही. सॉफ्टवेअरला मेगाबिट बांधून दिलेले असतील तर ते नेमकं इथे हात टेकतं आणि चित्राचे चौकोन पडतात. जुन्या व्हीसीडी काढून बघा, अक्षता पडायच्या क्षणी नवरीचा चेहरा फरशीच्या तुकड्यांसारखा झालेला दिसेल. आयुष्यातला तो एक क्षण, आणि व्हीसीडीला तोच झेपायचा नाही.

सोलापूरकरांना याचा मोठा नमुना दरवर्षी जानेवारीत बघायला मिळतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेत संमती कट्ट्यावर 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' झालं की हजारो हात एकदम वर जातात. मानाचे सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, उन्हाची तिरीप आणि त्यावर पडणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या अक्षता. पांढऱ्यावर पांढरं हलतंय, त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय सोडून द्यायचं हे मशीनला कळत नाही. मालक दरवर्षी घरच्यासाठी म्हणून हे शूटिंग करतात. मी कुठलंही नवं सेटिंग किंवा नवं सॉफ्टवेअर याच तुकड्यावर तपासते. अक्षता पास झाल्या तर लग्न पास. वाचकांनीही तसंच करावं, आपल्या फिल्ममधला सगळ्यात धावपळीचा अर्धा मिनिट निवडून आधी तेवढाच करून बघावा. बसलेल्या पाहुण्यांवर कुठलंही सेटिंग छानच दिसतं.

या कारणासाठी 'एका तासाला इतके एमबी' असं बांधून घेण्यापेक्षा दर्जा बांधून घ्यावा आणि साइज येईल ती येऊ द्यावी. मी जे सॉफ्टवेअर वापरते आणि दुसऱ्यांना सांगते ते हँडब्रेक. फुकट आहे, त्याची आतली मांडणी सगळ्यांसाठी खुली आहे, २००३ पासून चालत आलंय आणि बनवलेल्या फाईलवर आपलं नाव छापत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. 'व्हिडिओ कन्व्हर्टर' असं इंटरनेटवर शोधलं की जाहिरातींतून जी नावं वर येतात, त्यातली कितीतरी अर्धीच फिल्म करून देतात किंवा मधोमध शिक्का मारतात, तो काढायला पैसे भरा म्हणतात. एका गृहस्थांनी मुलाची मुंज अशी करून आणली होती, बटूच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत कंपनीचं नाव. हँडब्रेक घेताना मात्र हँडब्रेक डॉट एफआर याच पत्त्यावरून घ्या. त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेले आहेत. खुद्द त्यांच्याही डाउनलोडच्या एका सर्व्हरवर २०१७ च्या मे महिन्यात घुसखोरी होऊन मॅकसाठीची दूषित फाईल काही दिवस तिथे होती. ते त्यांनी स्वतः जाहीर केलं, आणि लपवलं नाही म्हणून मला ते जास्त भरवशाचे वाटतात.

वापरायचं कसं, तर घाबरण्यासारखं काही नाही. फाईल ओढून त्याच्या खिडकीत टाका. उजवीकडे किंवा वर प्रीसेट असतो, म्हणजे तयार मांडणी. तिथे फुल एचडी लॅपटॉप असेल तर 'फास्ट १०८०पी३०', आजीच्या लॅपटॉपसारखा जुना असेल तर 'फास्ट ७२०पी३०'. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १२८० बाय ७२० चं चित्र जवळजवळ पडदाभर बसतं, त्याहून मोठं चित्र तिथे दिसूच शकत नाही, मग जागा का अडवायची? डीव्हीडी असेल तर 'फास्ट ५७६पी२५', कारण आपल्याकडच्या डीव्हीडी पॅल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या. खाली कुठे ठेवायची ते सांगा, 'स्टार्ट एन्कोड' दाबा आणि भाजी निवडायला बसा.

व्हिडिओच्या पानावर आरएफ नावाचा सरकता आकडा आहे, दर्जा बांधायचा तो हाच. गंमत म्हणजे तो उलटा चालतो: आकडा कमी तर दर्जा जास्त आणि फाईल मोठी. फुल एचडीला २० ते २४, ७२० ला १९ ते २३, डीव्हीडीला १८ ते २२ यांच्यामध्ये राहा. ढोबळमानाने आकडा सहाने वाढवला की साइज निम्मी होते. मी लग्नाला ७२० मध्ये २१ ठेवते. त्याच पानावर एन्कोडरची, म्हणजे फाईल दाबणाऱ्या यंत्रणांची, यादी आहे, तिथे एच २६४ च्या शेजारी एच २६४ १०-बिट असंही दिसेल. नाव जवळचं आहे म्हणून ते निवडू नका, जुन्या लॅपटॉपच्या चिपला ते उघडता येत नाही. इंटेल किंवा एनव्हिडियाच्या नावाचे एन्कोडरही असतात, ते फार भराभर करतात, पण तेवढ्याच दर्जाला फाईल मोठी होते. रात्रभर मशीन चालू ठेवायची तयारी असेल तर त्याच यादीतला साधा एच २६४ (एक्स२६४) बरा. लाईट जाण्याचं मात्र आपलं आपण बघावं. लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर चालवू नका, हवा जायच्या जाळ्या बंद होतात. आणि हँडब्रेकच्या नव्या आवृत्तीला विंडोज १० तरी लागतं, तेव्हा बनवायचं काम घरातल्या चांगल्या मशीनवर करून जुन्यावर फक्त बघा.

फ्रेमचं एक सांगायलाच हवं, कारण यावर कुणी बोलत नाही. प्रीसेटच्या नावात ३० आहे, ती सेकंदाला ३० फ्रेमची कमाल मर्यादा आहे. २५ फ्रेमचं शूटिंग २५ च राहतं. पण कॅमेरावाल्याने ५० फ्रेमने घेतलं असेल, आणि आपल्याकडे बरेच जण घेतात, तर ५० चे ३० करताना फ्रेम सारख्या अंतराने निघत नाहीत. कॅमेरा आडवा फिरला की चित्र लंगडतं. तिथे हाताने २५ निवडा, एकाआड एक फ्रेम जाते आणि चाल सरळ राहते. जुन्या मिनी डीव्ही कॅसेटची आणि डीव्हीडीची खोड निराळी. त्यांत एक फ्रेम दोन हप्त्यांत घेतलेली असते, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. टीव्हीच्या जुन्या खोक्यावर हे कळायचं नाही, लॅपटॉपवर हलणाऱ्या हाताच्या, पदराच्या कडेला दातेरी रेघा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस चालू आहे ना, एवढं बघून घ्या.

व्हीसीडीचं काय करायचं? काहीच नाही. तबकडीवरच्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाईल लॅपटॉपवर कॉपी करून व्हीएलसीत उघडा. तासाला सहाशे-साडेसहाशे एमबी असते, ती आणखी काय दाबायची? आणि तिला फुगवून फुल एचडी करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. जे कॅसेटवर कधी उमटलंच नव्हतं ते आता कुठून येणार? फाईल तेवढी मोठी होते. घाई मात्र करा, बाजारातल्या स्वस्त तबकड्यांचा लेप सुटतोय, आमच्याकडे येणाऱ्यांतल्या काही आता वाचल्याच जात नाहीत.

कुणाला फक्त नवरी मांडवात येते तेवढा तुकडा हवा असेल तर पुन्हा कॉम्प्रेस करू नये. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते फाईलला न दाबता फक्त कापतं, मिनिटात काम होतं. कापायची जागा एखाद-दुसऱ्या सेकंदाने मागे-पुढे होते कारण ते पूर्ण फ्रेम असेल तिथेच कापू शकतं. चालवून घ्या. दाबलेली फाईल पुन्हा दाबली की दर वेळी काहीतरी जातंच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला की ते स्वतः आणखी दाबतं. तिथे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि जसंच्या तसं पोचतं. तीन तासांचं लग्न २ जीबीत कोंबण्यापेक्षा विधीप्रमाणे तुकडे करावेत, हळद वेगळी, लग्न वेगळं. वरंगळच्या मावशीला रिसेप्शनची रांग बघण्यात रस नसतो.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, तरी 'फाईल फार मोठी आहे' म्हणून नाकारतो, याने लोक फार चिडतात. पेनड्राइव्ह खराब नाही. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीवरची एक फाईल बसतच नाही. आतलं सगळं आधी बाजूला काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही, तिथे पुन्हा तुकडेच बरे.

कायद्याचं थोडक्यात. हे सगळं मी आपल्या घरच्या फिल्मांबद्दल सांगतेय. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असतं, हँडब्रेक ते तोडत नाही आणि मीही तोडून देत नाही. पेनड्राइव्हवर नवा सिनेमा घेऊन "तेवढं बारीक करून द्या की" म्हणणारी पोरं येतात, त्यांना परत पाठवते. थिएटरात चोरून केलेल्या रेकॉर्डिंगला २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे, दंड ३ लाखांपासून सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. यंत्रमाग विकूनही भरायचा नाही तो.

आता मागणं. आपल्याकडे एवढंच की असा सल्ला पुन्हा छापाल तेव्हा कुठला फॉरमॅट कुठल्या सालानंतरच्या लॅपटॉपवर चालतो हेही सोबत छापा. नवे फॉरमॅट चांगलेच आहेत. घरातले सगळे लॅपटॉप २०२० नंतरचे असतील तर खुशाल एच २६५ करा, जागा खरंच वाचते, मीही माझा जुना साठा हळूहळू तसा करतेय. पण जी फाईल दुसऱ्याच्या घरी जाणार, ती एच २६४ मध्येच.

आणि सोलापुरातल्या शूटिंगवाल्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगणं आहे की गिऱ्हाइकाला नुसती ६०-७० जीबीची फाईल देऊन मोकळे होऊ नका. मोठी मूळ फाईल द्या, ती हार्डडिस्कवर दोन ठिकाणी ठेवायला सांगा, आणि त्यासोबत लॅपटॉपसाठी ७२० ची एक एमपी४ द्या. हँडब्रेकमध्ये रांग लावायची सोय आहे, रात्री लावली की सकाळी तयार. त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत असं माझं मत आहे, मालकांचं नाही, त्यावर घरात वाद चालू आहे. फाईलला नावही धड द्या. आधी साल, मग विधी, मग घराचं नाव. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशा तीन फाईली घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि यातलं खरं कुठलं ते मी सांगावं म्हणतात.

पत्र लांबलं आहे, आपल्याला कापावं लागेल हे मला कळतं, माझाही तोच धंदा आहे. कायद्याचा परिच्छेद खुशाल कापा. अक्षतांचा ठेवा.

आपली,
एक मिक्सिंगवाली, कन्ना चौक परिसर, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती. शिक्का मारलेली मुंज आणणारे गृहस्थ आपला अंक रोज वाचतात.)